सहा तासांचं गाव: पूर्व कॅनडाच्या शरद ऋतूतल्या क्रूझवर छोटी बंदरं कशी बघावीत

सप्टेंबर उजाडला की बोस्टन, न्यूयॉर्क आणि क्वेबेक सिटीहून निघालेली मोठमोठी जहाजं पूर्व कॅनडाच्या किनाऱ्यावर रांग लावतात, ती ऑक्टोबर संपेपर्यंत. निमित्त मेपलच्या लाल पानांचं. अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन ही सफर करतात. मीही दोन वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन बोस्टनहून क्वेबेकला गेले. जहाजावर कसं राहायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. खा, झोपा, डेकवर फिरा. गोंधळ होतो तो बंदरावर. जहाज सकाळी आठला लागतं, संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटतं. उतरण्याचा आणि परत चढण्याचा वेळ वजा केला की हातात सहा तास उरतात, फार तर सात.

त्या सहा तासांत शंभर किलोमीटरवरचं एखादं ‘बघायलाच हवं’ असं ठिकाण गाठायचं, की समोरचं गाव बघायचं? माझं मत आधीच सांगून टाकते. एक गोष्ट निवडा, ती जवळची निवडा, आणि उरलेला वेळ गावात पायी फिरा. ही गावं त्यासाठीच चांगली आहेत.

तिकीट काढण्याआधी

लोक जहाज बघतात, खोली बघतात, बाल्कनी आहे का बघतात. तुम्ही आधी वेळापत्रक बघा. कोणत्या बंदरात किती वाजता पोचणार आणि किती वाजता निघणार, हे कागदावर उतरवून काढा. काही ठिकाणी जहाज दुपारी बारालाच लागतं; तिथे दूरची सहल ठरवण्यात अर्थ नाही. बंदराच्या नावापुढे ‘टेंडर’ असं लिहिलेलं असेल तर जहाज धक्क्याला लागत नाही. ते खाडीत नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी तुम्हाला किनाऱ्यावर सोडतं. गास्पे हे असं बंदर आहे. बोटीसाठी नंबर लागतो, त्यात दोन्हीकडचा मिळून दीड तास सहज जातो. वारा जोरात असेल तर टेंडर रद्दच. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो, हेही लक्षात घ्या.

तारखा निवडताना एक हिशेब करा. रंग उत्तरेकडून खाली सरकत येतात. क्वेबेकमधल्या सागनेच्या बाजूला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा चांगला, नोव्हा स्कॉशियातल्या केप ब्रेटन बेटावर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. म्हणजे एकाच सफरीत सगळीकडे ऐन बहर मिळणं कठीण. मी ऑक्टोबरचा पहिला आठवडा निवडीन. सप्टेंबरमध्ये हवा उबदार असते, पण अटलांटिकमधली वादळंही याच महिन्यात वर सरकतात. २०२२ च्या सप्टेंबरात फिओना वादळाने नोव्हा स्कॉशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याची दाणादाण उडवली होती.

नावांचा घोळ टाळा. सेंट जॉन हे न्यू ब्रन्सविकमधलं बंदर. सेंट जॉन्स हे न्यूफाउंडलंडमधलं, दूरचं. एका ‘स’ने सहल भलत्याच गावात बुक होते. सिडनी म्हणजे नोव्हा स्कॉशियातलं सिडनी. ऑस्ट्रेलियाच्या सिडनीला जायचं म्हणून तिकीट काढून इथे उतरलेले प्रवासी खरोखर होऊन गेलेत.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा हवाच, जहाजातून खाली उतरणार नसाल तरी. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून कॅनडा सोडेल, या समजुतीवर काही कुटुंबं जहाज चढण्याच्या दिवशी परत फिरलेली मला माहीत आहेत. एच-वन-बी वाल्यांनाही तो लागतो. ग्रीन कार्ड असेल तर मात्र वैध पासपोर्ट आणि ते कार्ड पुरतं. अर्ज काही महिने आधी करा, कारण बोटांचे ठसे द्यायला वेगळी वेळ घ्यावी लागते. आणि आईवडील अमेरिकेत पर्यटक म्हणून आलेले असतील तर कॅनडाला जाऊन आल्याने त्यांच्या मुक्कामाची मुदत आपोआप वाढेल, असं धरून चालू नका.

जहाजाचं घड्याळ हेच खरं घड्याळ

बोस्टन आणि क्वेबेकची वेळ एक. हॅलिफॅक्स, सिडनी, शार्लटटाउन, सेंट जॉन इथली वेळ एक तास पुढे. न्यूफाउंडलंड आणखी अर्धा तास पुढे. बहुतेक जहाजं वाटेत घड्याळ पुढे-मागे करतात, पण प्रत्येक वेळी नाही. रोज रात्री खोलीत किंवा अ‍ॅपवर दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. त्यात ‘सर्वांनी जहाजावर’ अशी वेळ दिलेली असते, ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे.

बाबांचं एचएमटी घड्याळ बोस्टनच्या वेळेवर होतं. “उगाच रोज काटे फिरवत बसायचं का?” हे त्यांचं म्हणणं. फोन एअरप्लेन मोडवर, कारण समुद्रावर चुकून जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडलं तर बिल डोळे पांढरे करतं. म्हणजे तोही बोस्टनच्याच वेळेवर. सिडनीत मी लोकरीच्या दुकानात रांगेत उभी होते. हे दोघं शार्लट स्ट्रीटवर बाकावर उन्हात बसलेले. बाहेर आले तर बाबा शांतपणे म्हणाले, “सव्वातीन झालेत, अजून सव्वा तास आहे. चहा घेऊ.” मी दुकानातल्या भिंतीवरचं घड्याळ आत्ताच पाहिलं होतं. सव्वाचार. साडेचारला जहाजाचं दार बंद. साडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेली आई त्या दिवशी किती भरभर चालू शकते, ते मला कळलं. आम्ही पोचलो तेव्हा शिडीपाशी दोन कर्मचारी हातात यादी घेऊन उभे होते.

तेव्हापासून माझा नियम: प्रत्येकाच्या मनगटावर एक साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. फोनवर विसंबायचं नाही. शेवटच्या वेळेच्या एक तास आधी धक्क्यावर. आणि त्या पत्रकाचा फोटो काढून ठेवायचा, कारण त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. जहाज खरंच सुटलं तर त्यालाच फोन करायचा. पुढचं बंदर मात्र स्वखर्चाने गाठावं लागतं.

खाली उतरताना

जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र खिशात. जहाजावरची फळं, सँडविच, मांस खाली न्यायचं नाही. कॅनडात ते चालत नाही. पर्समधलं विसरलेलं केळंसुद्धा तपासून काढून ठेवा.

कपड्यांचं म्हणाल तर एकच जाड कोट आणू नका. दिवसा पंधरा अंश, संध्याकाळी सहा-सात, आणि मध्ये केव्हाही बोचरा वारा. पातळ स्वेटर, त्यावर पावसाचं जॅकेट, कान झाकणारी टोपी. बाबांनी माकडटोपी आणली होती. मी आधी हसले, डेकवर मागून घेतली. छत्री नको, समुद्रावरचा वारा तिची काडी न् काडी वेगळी करतो.

सहल जहाजाकडून घ्यावी की स्वतः ठरवावी? दूर जायचं असेल तर जहाजाकडून घ्या. ती बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही. जवळपास फिरायचं असेल तर स्वतः. मात्र दोन-तीन हजार माणसं एकदम उतरतात आणि गावात टॅक्सी मोजक्या असतात, म्हणून टॅक्सी किंवा छोटी व्हॅन घरूनच, आधीच ठरवा. ठरवताना ड्रायव्हरला जहाजाचं नाव आणि परतायची वेळ लिहून पाठवा. पर्यटकांच्या गर्दीला कंटाळलेले लोक इथे फारसे दिसत नाहीत. बहुतेक धक्क्यांवर निवृत्त स्थानिक माणसं नकाशे घेऊन उभी असतात. त्यांना “आज तुमच्याकडे पाहुणे आले असते तर कुठे नेलं असतं?” असं विचारा. माहितीपत्रकापेक्षा चांगलं उत्तर मिळतं.

सिडनी: एकच निवडा

धक्क्यावरच जवळजवळ साठ फुटी पोलादी व्हायोलिन उभं आहे. सिडनी ज्यावर आहे त्या केप ब्रेटन बेटावर स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी हे वाद्य आणि गेलिक भाषा आणली, म्हणून. त्याच्याखाली फोटो काढून पुढे निघा.

चार पर्याय आहेत. कॅबट ट्रेल हा २९८ किलोमीटरचा प्रसिद्ध डोंगरी रस्ता; तो एका बंदर-दिवसात करू नका, अर्धाही नको. बॅडेक साधारण तासाभरावर. तिथे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं संग्रहालय आहे. टेलिफोनवाले बेल आयुष्याची शेवटची अनेक वर्षं इथल्या तळ्याकाठी राहिले आणि १९२२ मध्ये इथेच गेले. त्यांच्या गटाने बनवलेलं ‘सिल्व्हर डार्ट’ विमान १९०९ मध्ये याच तळ्याच्या बर्फावरून उडालं.

लुईसबर्गचा किल्ला पाऊण तासावर. आपण भग्न किल्ले बघायला सरावलेली माणसं. हा उलटा आहे. फ्रेंचांनी अठराव्या शतकात बांधलेलं हे तटबंदीचं शहर इंग्रजांनी १७५८ मध्ये जिंकलं आणि नंतर सुरुंग लावून पाडलं. १९६१ पासून कॅनडा सरकारने त्याचा साधारण चौथा हिस्सा जसाच्या तसा पुन्हा उभारला, आणि कामाला घेतले ते कोळशाच्या खाणी बंद पडत चालल्याने बेकार झालेले खाणकामगार. खाणीत राबलेले हात पाथरवटाचं काम शिकले. दारावरचा पहारेकरी जुन्या वेषात तुम्हाला अडवून चौकशी करतो. आतल्या बेकरीत सैनिकांचा पाव मिळतो, जड, काळसर, भाकरीसारखा पोटाला आधार देणारा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तिथे वर्दळ आणि सोयी कमी होतात, म्हणून तारीख तपासून जा.

आम्ही चौथा पर्याय घेतला: वीस किलोमीटरवरच्या ग्लेस बे इथलं खाणकामगारांचं संग्रहालय. डोक्यावर हेल्मेट, वाकून चालायचं, आणि पुढे एक निवृत्त खाणकामगार. इथले कोळशाचे थर समुद्राखाली पसरलेले आहेत. एका ठिकाणी त्याने दिवा विझवला. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. आई पुटपुटली, “रोज असं?” तिने मराठीत विचारलं होतं, पण त्याला कळलं असावं. त्याने स्वतःच्या वडिलांची आणि आजोबांची गोष्ट सांगायला घेतली आणि आमचा अर्धा गट वेळ विसरला. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी मात्र खाली जाऊ नये; छत फार खाली आहे. तुमची तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली असेल तर केल्टिक कलर्स हा संगीत महोत्सव बेटभर चालू असतो. गावच्या हॉलमधला दुपारचा कार्यक्रम मिळतोय का बघा.

सेंट जॉन: भरतीचं वेळापत्रक आधी

इथे दिवसाचा क्रम तुम्ही ठरवायचा नाही, फंडीच्या आखातानं ठरवायचा. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी जेमतेम पाच मीटर चढतं. सेंट जॉनला आठ मीटरच्या आसपास, आणि आखाताच्या टोकाला सोळापर्यंत. ‘रिव्हर्सिंग फॉल्स’ म्हणजे उलटा वाहणारा धबधबा, असं पत्रकात लिहिलेलं असतं. ओहोटीला नदी अरुंद घळीतून खळाळत समुद्रात उतरते, मध्ये थोडा वेळ पाणी स्थिर होतं, आणि भरतीला समुद्र नदीला मागे ढकलतो. एकदाच बघून काही कळत नाही. सकाळी एकदा, पाच-सहा तासांनी पुन्हा एकदा, असं दोनदा जा. धक्क्यापासून टॅक्सीने फार लांब नाही. भरती-ओहोटीच्या वेळा कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर आधीच मिळतात.

बाबा दाभोळचे. कठड्याला रेलून ते दहा मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, “भरतीला पाणी आमच्या खाडीतही उलटंच चढतं. त्याला कुणी धबधबा म्हणत नाही एवढंच.” दुपारी पुन्हा गेलो तेव्हा मात्र गप्प होते.

मधल्या वेळात १८७६ च्या सिटी मार्केटमध्ये जा. छत आतून उलट्या जहाजाच्या सांगाड्यासारखं आहे. तिथे डल्स नावाचं वाळवलेलं जांभळं समुद्रशेवाळ कागदी पिशवीत मिळतं. खारट, चिवट, सुकटीची आठवण करून देणारं. एकच पिशवी घ्या. होपवेल रॉक्स हे भरती-ओहोटीने कोरलेले खडक दोन तासांवर आहेत, ते दुसऱ्या सफरीसाठी ठेवा.

शार्लटटाउन: पायी

प्रिन्स एडवर्ड आयलंड बेटावरचं, आणि सगळ्यात सोपं बंदर. धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांत गावाच्या मध्यात. १८६४ मध्ये कॅनडा एक करण्याची पहिली बैठक इथे झाली. त्या आठवड्यात गावात सर्कस आल्याने हॉटेलं भरलेली होती, आणि आलेल्या कित्येक पुढाऱ्यांना आपल्या जहाजावरच झोपावं लागलं. म्हणजे दिवसा गावात, रात्री जहाजावर, हा प्रकार इथे जुनाच.

लूसी मॉड मॉन्टगोमेरी यांच्या १९०८ सालच्या कादंबरीतल्या ॲनचं हिरव्या छपराचं घर कॅव्हेंडिशला, पाऊण तासावर. मुलगी पुस्तक वाचून आली असेल तर जरूर न्या; नसेल तर ते एक नीटनेटकं शेतघर आहे. त्या रस्त्यावरची लाल माती मात्र बघण्यासारखी. लोहामुळे लाल, अगदी रत्नागिरीच्या जांभ्याची आठवण येईल अशी, आणि तिच्यात मैलोन्‌मैल बटाटा.

सागने आणि गास्पे

सागनेला जायच्या दिवशी गजर पहाटेचा लावा. जहाज शंभर किलोमीटर लांब फ्योर्डमधून, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद खाडीतून, आत शिरतं, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि ट्रिनिटी नावाच्या कड्यावर १८८१ सालचा मेरीमातेचा पांढरा पुतळा. नाश्त्याच्या रांगेत उभे राहाल तर हे सगळं मागे जातं. मुखाशी तादुसाकजवळ पांढऱ्या बेलुगा देवमाशांची पाठ दिसू शकते. लाटेचा फेस वाटतो, पण फेस पुन्हा त्याच जागी वर येत नाही.

धक्क्यावर जुन्या वेषातली गावकरी मंडळी गाणी म्हणत, निळ्या बेरींचा ‘पाय’ हा गोड पदार्थ वाटत स्वागत करतात. थोडं नाटकी आहे, पण मनापासून आहे. इथे फ्रेंचच चालतं. दुकानात शिरताना “बोंजूर” म्हटल्याशिवाय काही विचारू नका. १९९६ च्या महापुरानंतर उभारलेला, ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ अर्थाच्या तीन हजार वाहतूक पाट्यांचा पिरॅमिड गावातच आहे. तो आणि फ्योर्डचं संग्रहालय बघितलं की दिवस भरतो.

गास्पेला १५३४ मध्ये जाक कार्तिए यांनी फ्रान्सच्या राजाच्या नावाने क्रूस रोवला. पेर्सेचा भोक पडलेला प्रचंड खडक तासाभरावर. टेंडरचा वेळ धरता तो जहाजाच्या सहलीनेच करा. आमचं गास्पे वाऱ्याने रद्द झालं. असं होतं. वारा असतो, धुकं असतं, शिवाय सेंट लॉरेन्सच्या आखातात राइट जातीचे देवमासे वाचवण्यासाठी वेगावर मर्यादा आहेत, त्याचाही वेळापत्रकावर परिणाम होतो. जहाजाच्या सहलीचे पैसे आणि बंदर-शुल्क खात्यात परत येतं. स्वतः ठरवलेल्या गाडीचं काय, ते बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

जेवण आणि पैसे

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे: शेवंड, कालवं, शिनाणे. पण तिखटमिठाची अपेक्षा सोडा. लोण्यात बुडवलेली शेवंड बाबांनी खाल्ली आणि खिशातून लसणाच्या चटणीची पुडी काढली. मी दुसरीकडे बघितलं. चाउडर हे दुधाचं सूप आहे, कालवण समजून मागवू नका.

शाकाहारी असाल तर पुटिनवर, म्हणजे फ्राइज आणि चीजच्या तिथल्या पदार्थावर, ओततात तो रस्सा बहुधा मांसाचा असतो, विचारा. फ्राइज मासे तळलेल्याच तेलात तळलेले आहेत का, हेही विचारा. सफर नवरात्रात आली तर आईची युक्ती वापरा: शार्लटटाउनला भाजलेला अख्खा बटाटा, वर लोणी आणि मीठ. उपास बटाट्याच्या बेटावर याहून चांगला होत नाही.

जहाजावर अमेरिकन डॉलर, खाली कॅनेडियन. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. वादक आणि गाइडसाठी एक-दोन डॉलरची नाणी ठेवा. दुकानातल्या किमतीवर साधारण १४-१५ टक्के कर वेगळा लागतो. ३० सप्टेंबर, म्हणजे मूळ रहिवाशांच्या स्मरणाचा दिवस, आणि ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, म्हणजे तिथलं थँक्सगिव्हिंग, या दोन दिवशी बरंच काही बंद असतं. त्या दिवशी कुठलं बंदर येतंय, ते आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आणि सागनेहून जहाज सुटतं तेव्हा पहिल्या पंगतीच्या जेवणाची वेळ झालेली असते. जेवण उशिराचं घ्या. शाल, माकडटोपी, गरम चहाचा कप घेऊन जहाजाच्या मागच्या डेकवर जा. सकाळी जे कडे करडे दिसले होते, त्यांच्यावर तिरपं ऊन पडतं आणि बर्चची पिवळी झाडं एकेक करून सुटी दिसायला लागतात.